पाण्याला एक गाठ

मला आयुष्यात दोनदाच कुणी मनापासून 'शाब्बास' म्हटलं. पहिल्यांदा चौथीत, एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हटला तेव्हा. पण तो पाढा शेजारच्या पोरानं पाटीवर लिहून माझ्यासमोर धरला होता. दुसऱ्यांदा म्हटलं ते सूतगिरणीत आग लागली तेव्हा. ती हकिकत आता सांगतो. त्यातही पाटी दुसऱ्याच कुणीतरी धरली होती.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक लहानशी खाजगी सूतगिरणी होती. आता त्या जागेवर मंगल कार्यालय झालंय, त्यामुळे नाव सांगून कुणाच्या लग्नात विघ्न आणत नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी निरवांगीचा, घरी भाजीपाला आणि थोडी डाळिंबं. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नात, काठावर. मग पुण्याला जाऊन आग विझवण्याचा पंधरा दिवसांचा कोर्स केला. त्याचं प्रमाणपत्र आईनं काच लावून देवघराशेजारी टांगलं, आणि त्याच्या जोरावर मला गिरणीत 'अग्निसुरक्षा सहायक' म्हणून नोकरी लागली. तात्पुरती.

नोकरीबरोबर एक लाल हेल्मेट आणि एक शिट्टी मिळाली. हेल्मेट मी पहिल्या दिवशी एसटीतून निरवांगीपर्यंत डोक्यावर घालून गेलो. गावात तेव्हापासून मला 'बंबवाला' हे नाव पडलं. वडिलांनी हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आग लागली न्हाय तर तुजं काम काय?"

"आग लागू न देणं," मी म्हणालो.

"ते तर आमी समदीच करतो. बिनपगारी," ते म्हणाले आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेले.

मला मात्र पगारापेक्षा 'कायम' या शब्दाची आस लागली होती. वालचंदनगरच्या कॉलनीतलं एक स्थळ आलं होतं. मुलगी मला पसंत होती, आणि तिला मी नापसंत नव्हतो, एवढं मोठं भाग्य माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. तिच्या वडिलांनी चहा पाजला, पोहे खायला घातले, आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "पर्मनंट झालात की या." त्या दिवसापासून मी गिरणीकडे लग्नाचा मांडव म्हणूनच बघत होतो.

गिरणीत आग विझवायचे सोळा लाल सिलिंडर होते. दोन फेसाचे, डिझेलच्या टाकीपाशी. त्यांच्या नळीचं तोंड जाड, ते लांबूनही ओळखू यायचे. एक गॅसचा, काळ्या भोंग्याचा. तो सगळ्यांत महाग म्हणून मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये शोभेला ठेवला होता. उरलेले तेरा निम्मे पाण्याचे आणि निम्मे कोरड्या पावडरचे, एक इकडेतिकडे. हे तेरा दिसायला जुळी भावंडं. तेच अंग, तीच पितळी टोपी, वरती तीच मूठ. मूठ आपटली की आतली गॅसची छोटी बाटली फुटायची आणि आत जे असेल ते नळीवाटे बाहेर यायचं. काय आहे ते फक्त अंगावर रंगवलेल्या अक्षरांवरून कळायचं.

रुजू झाल्यावर आठवड्यातच मी जेवणाच्या सुट्टीत कामगारांना जमवून व्याख्यान दिलं. विषय तीन वाक्यांचा होता. कापूस, लाकूड, कागद पेटला तर पाणी. तेल पेटलं तर फेस. विजेची आग असेल तर पावडर किंवा गॅस, पाणी चुकूनही नाही. ते मी एक तास सांगितलं. आगीचे वर्ग सांगितले, पावडरीतल्या सोड्याचं सूत्र फळ्यावर लिहिलं, ज्वलनाचा त्रिकोण काढला. तो त्रिकोण कुटुंबनियोजनाच्या त्रिकोणाइतका नीट आला, आणि मागून कुणीतरी तसं बोललंही. लोक डबे खात होते. एकदोघं भिंतीला टेकून झोपले.

शेवटी मी रुबाबात विचारलं, "काही शंका?"

झाडूवाल्या मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. दुष्काळात कळप विकला आणि त्या गिरणीत झाडलोट करायला लागल्या. त्यांनी हात वर केला नाही, बसल्या जागेवरून विचारलं, "करंटची आग असली तर कंचा घ्यायचा?"

मी पुन्हा ज्वलनाच्या त्रिकोणापासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं. "म्हंजे पाण्याचा न्हाय."

"नाही."

"बास," म्हणून त्या उठल्या आणि झाडू घेऊन गेल्या. माझं व्याख्यान मध्येच तोडल्याचा मला रागच आला.

त्यांनी का विचारलं ते मला नंतर कळलं. त्यांचा थोरला मुलगा त्याच महिन्यात गिरणीत वायरमन म्हणून लागला होता. इंदापूरला आयटीआय केलेला, हसरा, सडसडीत गडी. दिवसभर विजेच्या पॅनलमध्ये हात घालून उभा. आणि मावशींचा धाकटा दीर काही वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला होता. "हात वले व्हते त्येचे," एवढंच त्या सांगायच्या. पाणी आणि वीज एकत्र आली की काय होतं, हे मी वहीत लिहून घेतलं होतं. त्यांनी ते विहिरीच्या काठावर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक सिलिंडरच्या गळ्याला काळ्या लोकरीचा दोरा. घरी कातलेली, राठ लोकर. मी विचारलं तर म्हणाल्या, "खूण हाय. मला कुठं वाचता येतंय?" मी उदारपणे हसलो आणि दोरे राहू दिले. त्या रोज फडक्यानं सिलिंडर पुसायच्या, एकेक किंचित कलता करून खालची धूळ काढायच्या, आणि दोरा चाचपून पुढे जायच्या. मला ते गमतीचं वाटायचं.

दसरा जवळ आला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "खंडेनवमीला मालक येणार आहेत पुण्याहून. गिरणी चकाचक दिसली पाहिजे. तुमच्या कायमचं त्यांच्या कानावर घालतो."

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या हत्याराची पूजा. आमच्याकडे कुळवापासून विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. गिरणीत यंत्रं धुतली जात, झेंडूच्या माळा चढत; वायरमन पक्कड आणि टेस्टर मांडायचा, ऑफिसातला टाइपरायटरही त्या दिवशी गंध लावून बसायचा. माझं हत्यार म्हणजे सोळा सिलिंडर. त्यांचा रंग उडाला होता, अक्षरांचे पोपडे निघाले होते. मालकांसमोर हे असलं ध्यान मांडायचं? मी बारामतीहून लाल ऑइलपेंटचे डबे आणले. सगळे सिलिंडर खुंट्यांवरून काढून एका शेडमध्ये गोळा केले, पॉलिश पेपरनं घासून जुनी अक्षरं पार काढून टाकली आणि दोन हात दिले. घासण्याआधी मावशींचे दोरे ब्लेडनं कापले. तेलकट, काळे दोरे. लाल रंगावर ते काय शोभणार?

मावशी झाडता झाडता थांबल्या. कापलेले दोरे वेचून त्यांनी ओच्यात टाकले.

पूजा अशी झाली की लोक अजून नाव काढत असतील. मी सिलिंडरांची उतरंड रचली होती, वर लिंबू, भोवती झेंडूचं तोरण. मालकांनी हात जोडले. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी तिथल्या तिथे मनात अक्षता टाकून घेतल्या.

अक्षरं लिहायला बारामतीचा पेंटर दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण दसऱ्याला घेतलेल्या नव्या ट्रॅक्टरांवर नावं टाकायची त्याच्याकडे रांग लागलेली. 'आईचा आशीर्वाद' संपल्याशिवाय तो माझ्या 'पाणी' आणि 'पावडर'कडे वळणार नव्हता. 'उद्या येतो' म्हणत त्यानं आठवडे घालवले. सिलिंडर मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच खुंट्यांवर परत जायला हवे होते.

माझ्याकडे यादी होती. कुठल्या खांबाला कुठला, सगळं सुवाच्य अक्षरात. यादीत एकही चूक नव्हती. फक्त शेडमध्ये उभ्या असलेल्या तेरा जुळ्यांपैकी कोण कोणता, हे यादीत नव्हतं. टोपी उघडून आत डोकावलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण टोपी उघडली तर कडेचा नवा रंग उडणार होता, आणि माझा जीव त्या रंगात अडकला होता. तेव्हा एकेक सिलिंडर मी डोळे बारीक करून पाहिला, मान हलवली आणि अंदाजपंचे टांगून टाकला. सिलिंडर हलवून बघायचा, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. कोर्सच्या वहीत तसं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. "सायेब, पॅनलच्या खांबाचा त्यो न्हवं. त्यो तिकडं गोदामापाशी व्हता. आत पाणी वाजतंय बगा."

"मावशी," मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं, "तुम्ही पुसायचं काम करा. ओळखायला मी आहे."

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी चुकत होतो हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पोटात कुठेतरी शंका होती. पण सगळे परत काढायचे, टोप्या उघडायच्या, मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर 'माझाच घोळ झाला' म्हणायचं, आणि तेही कायमचा कागद सहीला गेलेला असताना! मी स्वतःला समजावलं की पेंटर आला की सगळं नीट बघून घेऊ. आणि आग काय, रोज लागते का?

दोन दिवसांनी पुन्हा प्रत्येकाच्या गळ्यात काळा दोरा. या वेळी टोपीच्या खाली, मागच्या बाजूला, सहज दिसू नये असा. मला गहिवरून आलं. एवढे देखणे लाल सिलिंडर. मावशींनी दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला! दोऱ्याला कुठे एक गाठ होती, कुठे दोन. लोकर अपुरी पडल्यामुळे जोड दिला असेल असं मी धरून चाललो. मॅनेजरसाहेबांनाही मी अभिमानानं तो दोरा दाखवला. "कामगारांचं प्रेम बघा," मी म्हणालो.

दिवाळी होऊन काही दिवस गेले. पहिल्या पाळीत, सकाळी अकराच्या सुमारास, कापूस पिंजायच्या खात्यातल्या मोठ्या पॅनलमधून आधी जळका वास आला, मग तडतड झाली आणि मग काळा धूर. खाली जमिनीवर कापसाची मऊ धूळ पसरलेली. वायरमन आत धावला आणि मुख्य खटका खाली ओढायला लागला. खटका अडकला होता.

त्या वेळी मी काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी हेल्मेट शोधलं. ते खुर्चीखाली होतं. मग शिट्टी वाजवली. शिट्टी ऐकून लोकांनी बाहेर पळायचं, असं व्याख्यानात सांगितलं होतं. शिट्टी ऐकून चारजण काय झालं ते बघायला आत आले. मग मी जवळच्या खांबाकडे धावलो. यादीप्रमाणे तिथला सिलिंडर पावडरचा. तो उतरवला, मुठीवरचं झाकण काढलं, नळी हातात धरली. धुरातून मला वायरमनची पाठ दिसत होती, चार हातांवर. "बाजूला हो!" मी ओरडलो. तो झाला नाही. दोन्ही हातांनी तो खटक्याला लोंबकळत होता.

मी मूठ आपटणार एवढ्यात मावशी आल्या. हातातला झाडू टाकून त्यांनी सिलिंडरचा गळा धरला आणि बोटांनी मागे चाचपलं.

"एकच गाठ हाय!"

"सोडा, मावशी!"

"एकच गाठ हाय! पाणी हाय ह्यात! माझं प्वार मरंल!"

"पावडर आहे! यादीत आहे!"

अशा वेळी माणूस 'यादीत आहे' म्हणतो, याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण मी म्हणालो. त्या सोडेनात, मी सोडेना. पोर आगीसमोर आणि त्याची आई आणि मी एका सिलिंडरसाठी ओढाओढ करतोय, जसं काही लग्नाच्या पंगतीत शेवटचं ताट होतं. मावशींनी गुडघा लावून सिलिंडर माझ्याकडे रेटला, तो माझ्या हातून निसटला, मूठ जमिनीवर आपटली आणि नळी माझ्याच छातीवर उघडली.

पाणी. गार, गंजका वास येणारं पाणी. नऊ लिटर, पूर्ण दाबानं, मला भिजवत दाराच्या दिशेनं. मी 'पावडर, पावडर' म्हणत होतो आणि तोंडात पाणी जात होतं.

नळीचं तोंड दोन वीत पलीकडे असतं, तर ते पाणी त्याच्या पाठीवर आणि उघड्या पॅनलवर पडलं असतं. मावशी तोपर्यंत पुढच्या खांबाकडे धावल्या होत्या. धुरात त्यांचं फक्त खोकणं ऐकू येत होतं. एक सिलिंडर सोडला, दुसरा चाचपला, तो उराशी धरून ओढत आणला आणि माझ्या पुढ्यात आदळला. "दोन गाठी हायेत. मारा!"

या वेळी मी यादी काढली नाही. मूठ आपटली. पांढऱ्या पावडरचा लोट पॅनलवर गेला. दुसऱ्या बाजूनं खटका एकदाचा खाली आला आणि आवाज थांबला. वायरमन धुरातून बाहेर आला तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा, डोळेच तेवढे काळे. मावशींनी त्याचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले, दंड दाबून पाहिले, आणि मग पाठीत जोराचा एक धपाटा घातला. "सोडायचा न्हाय का खटका, मुडद्या!" आणि मग त्या खाली बसून रडल्या. मी ओला होतो, वर पावडर बसली होती. अंगावर कणीक मळल्यासारखा उभा होतो. मलाही रडू आलं, पण त्या अवतारात ते कुणाला कळलं नसेल.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब धावत आले. त्यांनी विझलेलं पॅनल पाहिलं, जिवंत वायरमन पाहिला, आणि मग मला पाहिलं, केसांपासून बुटांपर्यंत ठिबकणारा.

"अंग भिजवून आत शिरलात?" त्यांनी माझा ओला हात दोन्ही हातांत धरला. "शाब्बास! याला म्हणतात प्रसंगावधान."

मी तोंड उघडलं. खरं सांगायला उघडलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. बाहेर आलं ते असं: "कर्तव्य होतं, साहेब."

आगीचा अहवाल मला लिहायचा होता. छापील फॉर्म होता. 'आग कोणत्या प्रकारची' - विजेची. 'कोणते साधन वापरले' - कोरडी पावडर. 'साधनाची निवड कशी केली' - इथे माझं पेन थांबलं. मग मी लिहिलं, 'प्रशिक्षणानुसार'. या एका शब्दाची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही, आणि मी आयुष्यात लाज वाटण्यासारखं बरंच काही केलंय.

त्या संध्याकाळी मी तेराही टोप्या उघडल्या. रंग उडाला, उडू दिला. सहा सिलिंडर चुकीच्या खांबांवर होते. प्रत्येक पाण्याच्या सिलिंडरला एक गाठ, प्रत्येक पावडरच्या सिलिंडरला दोन. त्यात एकही चूक नव्हती. आमच्याकडे म्हणतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोमेश्वरनगर आमच्यापासून काही फार लांब नाही, पण मी त्याच्याही पलीकडे बंब टांगला होता.

पुढे सगळे सिलिंडर भरून, तपासून आले. पेंटरला ट्रॅक्टरांतून सवड मिळाली आणि त्यानं पांढऱ्या रंगात ठळक 'पाणी' आणि 'पावडर' लिहिलं. शेवटी सवयीनं एक छोटं कमळही काढलं. आणि एका दुपारी मला कायमचं पत्र मिळालं. त्यात 'धैर्य व अचूक निवड' असे शब्द होते. मी पत्र खिशात घातलं, पेढे आणले आणि पहिला पेढा मावशींना द्यायला शेडमध्ये गेलो. तिथे सिलिंडर रांगेत उभे होते आणि मावशी लोकरीचा गुंडा घेऊन बसल्या होत्या. पलीकडे, उघड्या दारातून, नव्या पॅनलपाशी त्यांचा मुलगा पाठमोरा काम करताना दिसत होता.

मी पेढा दिला. मग एकदम बोलून गेलो. "मावशी, मी अहवालात खोटं लिहिलं. तुमचं नावच घेतलं नाही. आता जाऊन सांगतो साहेबांना."

त्यांनी पेढा अर्धा मोडला, अर्धा पदराला बांधला. "नगा सांगू."

"का?"

"तुमास्नी काढत्याल, दुसरा आणत्याल. त्यो बी असलाच शिकलेला आसंल. त्येला पुन्यांदा पैल्यापासनं कोण शिकवत बसंल?" त्यांनी गुंडा माझ्या हातात दिला. "तुमाला आता येकदा कळलंय. घ्या, आज तुमी बांधा. मी बगते."

"पण आता अक्षरं आहेत की."

"धुरात अक्षरं दिसत्यात व्हय? माझं प्वार धुरातच उभं व्हतं."

मी गुंडा घेऊन खाली बसलो. अक्षर वाचायचं, दोरा बांधायचा. पाण्याला एक गाठ, पावडरला दोन. दोनतीन झाल्यावर मला हुरूप आला. खिशातल्या पत्राचा कागद बसताना कडकड वाजत होता. मी मावशींना वालचंदनगरची हकिकत सांगायला लागलो. आता रविवारीच जाणार, त्यांनीच 'या' म्हटलंय, मुलगी कशी आहे, कॉलनीत किती झाडं आहेत, पत्रात साहेबांनी काय काय लिहिलंय. बोलता बोलता तेरा दोरे झाले. कामावर मी खूष होतो.

मावशी उठल्या. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या सिलिंडरच्या गळ्यावर बोटं ठेवली. दोरा चाचपला, सिलिंडर जरा कलता केला, कान दिला, पुढे गेल्या. दुसरा, तिसरा. मी पेढ्याचा पुडा धरून मागे मागे चाललो होतो. सातव्यापाशी त्या थांबल्या. पुन्हा चाचपलं, पुन्हा कलता केला. आत पाणी डुचमळलं. मलाही ऐकू आलं.

त्यांनी डोळे उघडले. सिलिंडरवर हातभर अक्षरांत 'पाणी' लिहिलं होतं, आणि मी त्याला दोन गाठी मारल्या होत्या. त्यांनी दारातून पॅनलकडे, मुलाच्या पाठीकडे पाहिलं.

मी पेढ्यांचा पुडा जमिनीवर ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि दुसरी गाठ नखानं सोडवायला लागलो.